पोटाची चौकशी

पडदे धुवायला काढायचे म्हणून कमल स्टुलावर चढली. हात वर गेले तसा तिचा ढगळ झगा ताणला जाऊन पोटाला चिकटला, आणि खाली स्टूल धरून उभी असलेली मामा बोलता बोलता थांबली. कुवेतमध्ये घरकामाच्या बाया मालकिणीला मामा म्हणतात आणि मालकाला बाबा. बाईमाणसाला मामा म्हणताना कमलला सुरुवातीला हसू यायचं. अडीच वर्षांत ते हसू केव्हाच संपलं होतं.

“खाली उतर,” मामा म्हणाली.

कमल उतरली. मामानं दार लावून घेतलं, तिच्याकडे खालून वर पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणून विचारलं, “कमल, तू हामिल आहेस?”

कमलचं अरबी कामापुरतंच होतं. भाज्यांची नावं, साबणाची नावं, ये-जा-आण-ठेव. पण हामिल म्हणजे गरोदर, हे तिला पक्कं माहीत होतं. मागच्या रमजानच्या आधी शेजारच्या घरातल्या सेलाम नावाच्या इथिओपियन पोरीबद्दल हाच शब्द गल्लीभर कुजबुजला गेला होता. एका दुपारी पोलिसांची गाडी आली. सेलाम खाली मान घालून मागच्या सीटवर बसली, आणि त्यानंतर तिचं काय झालं ते कुणालाच कळलं नाही. कुणी म्हणालं तुरुंगात बाळंत झाली, कुणी म्हणालं लेकरासकट विमानात बसवली. लग्नाच्या कागदाशिवाय पोटात लेकरू असणं हा इथं गुन्हा आहे, एवढं मात्र गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

“नाही मामा. वल्ला, देवाशपथ, नाही.”

“मग हे काय आहे?”

चार महिने कमल स्वतःलाच हे विचारत होती.

ती देगलूर तालुक्यातली. गाव तेलंगणाच्या हद्दीला इतकं लागून की घरात मराठी आणि बाजारात तेलुगू. नवरा नऊ वर्षांपूर्वी काविळीनं गेला. निजामाबादच्या एका एजंटामार्फत ती इकडे आली, तेव्हा मुलगी अंतरा नववीत होती. आता ती नांदेडला, कमलच्या भावाकडे, अरुणकडे राहून बारावी करत होती. कमल सबाह अल-सालेम या वस्तीतल्या तीन मजली घरात राहायची. घरात मामा, बाबा आणि त्यांची तीन मुलं. त्यातला थोरला वीस वर्षांचा. कामात कमलनं कधी बोट दाखवायला जागा ठेवली नव्हती.

पाळी आधी पाचाची सात दिवस झाली, मग दहा, मग पंधरा. गुठळ्या पडायच्या. दुपारी जेवणं होऊन घर झोपलं की ती गच्चीवरच्या मोरीत जाऊन कपडे धुवायची आणि टाकीच्या मागं, कुणाला दिसणार नाहीत असे वाळत घालायची. जिना चढताना कानात गुंई आवाज यायचा. एकदा तर कोठीघरात तांदळाची पिशवी उचलताना डोळ्यापुढं अंधारी आली आणि शुद्धीवर आली तेव्हा ती फरशीवर पडलेली होती. किती वेळ, ते तिला कळलं नाही. बेंबीच्या खाली हाताला एक कठीण गोळा लागायला लागला होता. झोपताना ती त्यावर हात ठेवायची आणि लगेच काढून घ्यायची.

कुणाला सांगणार? तिचा बताका, म्हणजे ओळखपत्र, बाबाच्या कपाटात. तो दाखवल्याशिवाय कुठलाही दवाखाना दारात उभं करत नाही. आजारी बाई ठेवून घेतील याची खात्री नाही. आणि डॉक्टरची तर तिला आधीपासूनच धास्ती होती. तिची भावजय रत्नमाला, अरुणची बायको, हिला असंच अंगावरून जायचं. गावाकडच्या डॉक्टरनं तिशीतच तिची गर्भपिशवी काढून टाकली. तिला कुणी काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. शुद्धीवर आल्यावर नर्सच्या बोलण्यातून तिला कळलं. तेव्हापासून रत्नमाला उन्हात जास्त वेळ उभी राहू शकत नव्हती आणि बोलता बोलता रडायची.

“बाबा रविवारी येतील,” मामा म्हणाली. बाबा कामासाठी दुबईला गेले होते. “त्यांच्या कानावर जायच्या आधी मला खरं सांग. कोण आहे?”

“कुणी नाही.”

“साबीर?” मामानं विचारलं. साबीर घरचा ड्रायव्हर. हे नाव घेताना मामाच्या आवाजात राग नव्हता, जवळजवळ आशा होती. कमल नाही म्हणाली तशी मामाची नजर सरकत वर, छताकडे गेली. वर थोरल्या मुलाची खोली होती. मामानं नाव घेतलं नाही. पण तिचा चेहरा असा पांढरा पडला की कमलला कळून चुकलं, या बाईला आपल्यापेक्षा जास्त भीती वाटते आहे. आणि भ्यालेली मालकीण रागावलेल्या मालकिणीपेक्षा वाईट. ती काय करील याचा भरवसा नाही.

साबीर म्हसळ्याचा. फाटकाजवळच्या खोलीत राहायचा. कमलशी तो मराठी बोलायचा, सणाला घरून आलेल्या वस्तूतलं थोडं काढून द्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कमल कचरा टाकायला बाहेर गेली तेव्हा तो गाडी पुसत होता. तिला पाहून त्यानं फडकं तसंच बॉनेटवर ठेवलं.

“कमलताई, माझं नाव घेऊ नका,” तो म्हणाला. “हात जोडतो. माझी बायको आहे घरी, दोन पोरी आहेत. इथं बाईला नेतात तेव्हा पुरुषालाही नेतात.”

“साबीरभाई, कुणाचंच नाव नाही. मी कुणाजवळ गेले नाही.”

“मग पोट?”

“दुखायलंय. रक्त जायलंय. लई दिवस झाले.”

साबीरनं बॉनेटवरचं फडकं उचललं. मग म्हणाला, “माझी मावसबहीण आहे फखरुन्निसा. महबूल्याला एका खाजगी दवाखान्यात काम करते, फायली नेते, बायकांना आत घेऊन जाते. तिला फोन लावून देतो. पण माझ्याशी हे शेवटचं बोलणं.”

त्या फोनच्या आधी आणखी एक गोष्ट घडली होती, ती कमलनं साबीरला सांगितली नाही. मामानं विचारलं त्याच संध्याकाळी, गल्लीतल्या एका कामवालीनं कचऱ्याच्या डब्यापाशी तिच्या हातात कागदाची पुडी दिली होती. बातमी कशी पसरली देव जाणे. पुडीत चार गोळ्या. “दोन खायच्या, दोन खाली ठेवायच्या. एका दिवसात मोकळी,” ती बाई म्हणाली होती. कमलच्या पोटात मूल नव्हतं हे कमलला माहीत होतं. तरी ती पुडी तिनं फेकली नाही. झग्याच्या खिशात ठेवली. मोकळी होणं हा शब्द तिला सोडत नव्हता.

फोनवर फखरुन्निसाचा आवाज जाड, घाईचा होता. मागं कुठंतरी लहान मूल रडत होतं.

“अगो, शेवटचं केव्हा पुरुषाजवळ गेलीस? लाजू नको, मी रोज शंभर बायकांना विचारते.”

“नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, आपा.”

“आणि कुणी जबरदस्ती?”

“नाही.”

“बरं. कुणी काही गोळ्या दिल्यात?”

कमल गप्प बसली. फखरुन्निसाला तेवढ्यावरून कळलं.

“ऐक माझं. आत्ताच्या आत्ता संडासात टाक त्या. तुझ्यात आधीच रक्त नाही, त्या गोळीनं आणखी जाईल. आणि रक्तानं भिजून हॉस्पिटलात गेलीस की पहिला प्रश्न काय येईल माहीत आहे? पोर कुठाय? तिथून पुढं तू काय बोलतेस ते कुणी ऐकणार नाही. तू काही केलेलं नाहीस ना? मग केल्यासारखी वागू नको.”

कमलनं गोळ्या टाकल्या आणि पाणी सोडलं. एक गोळी दोनदा वर आली. तिसऱ्यांदा साखळी ओढल्यावर ती गेली.

फखरुन्निसाच्या सांगण्यावरून गरोदरपण तपासायची पट्टी आणायचं ठरलं. आणणार कोण? बोलणार नाही म्हटलेला साबीरच शेवटी गेला. गाडी सर्व्हिसिंगला शुवैखला न्यायची होती. तिथल्या गॅरेजांच्या गर्दीत, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं अशा औषधाच्या दुकानातून त्यानं ती घेतली, आणि ब्रेडच्या पिशवीत घालून स्वयंपाकघराच्या पायरीवर ठेवली. पट्टीवर एकच रेघ आली, म्हणजे गरोदर नाही. कमल ती घेऊन धावतच मामाकडे गेली.

मामानं पट्टी टिश्यूत धरून पाहिली. “ही लघवी तुझीच कशावरून?”

कमलला वाटलं होतं खरं दाखवलं की सुटू. आता तिच्या लक्षात आलं की खऱ्याला इथं कागद लागतो, शिक्का लागतो, आणि तोही दुसऱ्या कुणाच्या हातचा.

“मग मला डॉक्टरकडं न्या,” ती म्हणाली. इतके महिने जी गोष्ट टाळली ती तिनं स्वतःच्या तोंडानं मागितली. “तुम्ही माझ्यासंगं चला. तुमच्यासमोर तपासू द्या.”

वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात मामाच्या ओळखीच्या बायका भेटल्या असत्या. म्हणून लांबचा, खाजगी दवाखाना हवा होता. साबीरनं आपली बहीण तिथं आहे हे न सांगता महबूल्याचं नाव पुढं केलं. शनिवारी सकाळी तिघं निघाली. बाबा यायला एक दिवस उरला होता. मामानं बाबाच्या कपाटातून बताका काढून आणला होता. तो सगळ्या रस्त्यात तिनं मुठीत घट्ट धरला होता.

काउंटरवरच्या मुलीनं कार्ड घेतलं. “लग्न झालंय?”

“अरमला,” बाजूनं आवाज आला. विधवा. एक जाडसर, चष्मेवाली बाई फायलींचा गठ्ठा घेऊन उभी होती. तिनं कमलकडे ओळख दाखवली नाही. पण गठ्ठा काखेत मारून ती तिच्या शेजारी येऊन थांबली, आणि कमलला कळलं हीच फखरुन्निसा.

काउंटरवरच्या मुलीनं मान वर करून कमलच्या पोटाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “आधी रक्ताची तपासणी. ती आल्यावर सोनोग्राफी.”

“आणि त्यात निघालं तर?” मामानं विचारलं.

“तर आम्हाला कळवावं लागतं.”

रक्त काढून झालं. रिपोर्टला चाळीस मिनिटं म्हणाले. दाराशी गणवेशातला रखवालदार खुर्ची टाकून बसला होता. कमल त्याच्या बुटांकडे बघत राहिली. शेजारी मामा फोनवर बोटं फिरवत होती, पण स्क्रीन बंद होता.

त्या चाळीस मिनिटांत कमलचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. नऊ वर्षं कुणी शिवलं नाही हे तिला माहीत होतं; पण कोठीघरात पडली तेव्हाचं काय? किती वेळ पडले होते मी? घरात कोण होतं? त्या दुपारी वरच्या खोलीत गाणी चालू होती की नव्हती? उठल्यावर झगा सरळ होता का? ती आठवायला गेली तेवढं आठवत असलेलंही पुसट होत गेलं. मामाला वाटणारी भीती आता तिच्याही अंगात शिरली.

“आपा,” ती पुटपुटली, “मला काही झालं असलं आन् मला ठावंच नसलं तर?”

फखरुन्निसा खाली वाकून फाईल शोधल्यासारखं करत म्हणाली, “तर तेही आपण सांगू. तुझी चूक नसेल ती तशीही. आता श्वास घे.”

रिपोर्ट आला. नाही. मामानं तो कागद दोनदा वाचला, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो रडण्याचा होता की सुटकेचा, कमलला सांगता आलं नसतं.

आत डॉक्टरीणबाई होत्या, वयानं मोठ्या, सीरियाच्या. त्यांनी थंडगार जेल लावून पोटावर यंत्र फिरवलं. मग मामाकडे वळून अरबीत भराभर सांगायला लागल्या. मामा मान हलवत होती, विचारत होती, पुन्हा मान हलवत होती. कमल टेबलावर उघड्या पोटानं पडून दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. एकदा डॉक्टरांनी हातानं काहीतरी कापून काढल्याची खूण केली. मामा म्हणाली, “तय्यिब.” ठीक आहे.

कमलच्या डोळ्यांपुढं रत्नमाला उभी राहिली. ती ताडकन उठून बसली. पोटावरचं जेल झग्याला लागलं. “काय ठरवायलेत? काय कापणार?”

फखरुन्निसा दारात होती. तिनं आत यायचं कारण नव्हतं, पण ती आली. “डॉक्टर,” ती आपल्या मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाली, “तिला सांगा. पोट तिचं आहे. मी तिच्या भाषेत सांगते.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. कमलला वाटलं आता फखरुन्निसाची नोकरी गेली. पण बाईंनी खुर्ची ओढली, कमलच्या समोर बसल्या आणि कागदावर चित्र काढलं. हे गर्भाशय. ही त्यातली गाठ. कर्करोगाची वाटत नाही, पण पाच महिन्यांच्या पोटाएवढी वाढली आहे. म्हणून रक्त जातंय. रक्तातलं हिमोग्लोबिन सहावर आलं आहे, बाईचं बाराच्या पुढं असायला हवं. आधी रक्त चढवायचं. मग दोन रस्ते. फक्त गाठ काढायची, त्यात रक्तस्राव जास्त होऊ शकतो आणि गाठ पुन्हा येऊ शकते. किंवा पिशवीच काढायची.

फखरुन्निसा एकेक वाक्य मराठीत सांगत गेली. कमलनं विचारलं, पिशवी काढली तर हाडं दुखतात का? उन्हात उभं राहवत नाही का? डॉक्टर म्हणाल्या, बीजकोश ठेवले तर तसं सहसा होत नाही, आणि ते मी ठेवीन. बीजकोश म्हणजे काय तेही त्यांनी चित्रात दाखवलं. चाळीस वर्षांच्या कमलनं स्वतःच्या आतलं चित्र पहिल्यांदा पाहिलं. रत्नमालाचे तेही काढले असतील, असं तिच्या मनात आलं, आणि रत्नमालाला आजतागायत ते माहीत नसेल.

“पिशवी काढा. ते दुसरं राहू द्या,” ती म्हणाली. “पण सही मी करणार.”

ऑपरेशन मोठ्या हॉस्पिटलात झालं. तिथं पुन्हा नवऱ्याची चौकशी झाली आणि कागद मागितला. अंतरानं नांदेडहून वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, “आई, तुला काय झालंय?” कमलनं तिला फोन करून सगळं सांगितलं, चित्रासकट. भूल देईपर्यंत ती भीतच होती. टेबलावर झोपवताना तिनं परिचारिकेचा हात धरून दोनदा विचारलं, “ते दोन ठेवणार ना?” शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्नही तोच. ठेवले होते.

बाबाला मामानं फक्त एवढंच सांगितलं की बाईला गाठ होती. माफी वगैरे तिनं मागितली नाही. बताका मात्र कपाटात परत गेला नाही. डिस्चार्जच्या दिवशी मामानं तो कमलच्या उशाशी ठेवला आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. थोरल्या मुलाशी मामा कितीतरी दिवस नजरेला नजर न देता बोलत होती. त्या पोराला कारण कळलं नाही.

तीन आठवड्यांनी साबीर तिला तपासणीला घेऊन चालला होता. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो समोर बघतच म्हणाला, “ताई, एक सांगायचं आहे. तुम्हाला विचारलं त्याच दिवशी मामानं मलाही विचारलं होतं. मी घाबरलो. मी म्हटलं, पाण्याच्या बाटल्या आणतो तो बांगलादेशी, शफीकुल, तो तुमच्याशी दारात बोलत उभा असतो.”

शफीकुल कमलशी बोलायचा ते एवढंच की रिकाम्या बाटल्या किती. आणि हेही तिच्या लक्षात आलं की ऑपरेशननंतर पाणी दुसराच माणूस आणतो आहे, आणि आपण त्याबद्दल विचारलंसुद्धा नाही.

“मामानं कंपनीला फोन केला,” साबीर म्हणाला. “कारण सांगितलं नाही. त्याला काढलं का ठेवलं, ठाऊक नाही.”

कमलला त्याला शिव्या द्याव्याशा वाटल्या. पण काउंटरसमोरच्या त्या चाळीस मिनिटांत, वाचवतो म्हणून कुणी तिच्याकडे एक नाव मागितलं असतं तर तिनं दिलं नसतं, हे तिला छातीवर हात ठेवून म्हणता येईना.

फखरुन्निसाचा नवरा अकबर शुवैखच्या गोदामांत माल उतरवायच्या कामावर होता. पाण्याच्या कंपनीचं गोदामही तिकडंच. कमलनं त्याला शफीकुलचा शोध घ्यायला सांगितलं. दोन शुक्रवार गेले. मग अकबरभाईचा फोन आला. शफीकुल सापडला होता. नोकरी होती, जहरा भागातली गाडी त्याला दिली होती. माझी चूक काय म्हणून तो मुकादमाला रोज विचारायचा. कुणी सांगितलं नव्हतं.

“त्याला म्हटलं, एका घरात गैरसमज झाला होता, तो मिटला,” अकबरभाई म्हणाले. “तर विचारतो, पोलिसात तक्रार आहे का माझ्यावर? म्हटलं नाही. पुन्हा विचारलं. तीनदा नाही म्हटलं बघ मी त्याला. चहा पाजला. गाडीत चढताना परत खाली उतरून आला आणि विचारतो, नक्की नाही ना?”